युरोपचा एकदाचा एकच देश का करून टाकत नाहीत? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात भारत आणि युरोपियन युनियनच्या व्यापार कराराबद्दल लिहिलं होतं. 2007 ला बोलणी सुरू, 2013 ला ठप्प, 2022 ला परत चालू आणि शेवटी जानेवारी 2026 मध्ये दिल्लीत बोलणी संपल्याची घोषणा. पत्रं भरपूर आली पण गंमत म्हणजे कराराबद्दल फारसं कुणी विचारलंच नाही, काहींना वाइन कधी स्वस्त होणार ते हवं होतं (धीर धरा), बाकी बऱ्याच जणांचा सूर एकच, की 27 देशांच्या वतीने एकच बोलतो, बहुतेकांच्या नोटा एक, सीमेवर सहसा कुणी अडवत नाही, मग हे लोक सरळ एक देश होऊन मोकळे का होत नाहीत? म्हणून या वेळी सगळा कॉलम त्यावरच घेतोय.

सर, युरोपियन युनियन म्हणजे नक्की काय समजायचं, देश की सार्कसारखी संघटना? आणि फेडरेशन (संघराज्य) झालं तर असं काय होईल जे आज होत नाही? (वाचक, पुणे)

अर्धवट आहे ते, आणि सगळा घोळ तिथेच आहे. काही बाबतीत युनियन अगदी देशासारखं वागतं. परदेशी मालावर कस्टम ड्युटी किती लावायची हे जर्मनी स्वतः ठरवूच शकत नाही, ते ब्रसेल्सचं, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाचं काम, म्हणून तर आपल्या वाणिज्य मंत्रालयाला इतकी वर्षं ब्रसेल्सच्या दारात बसावं लागलं, एकट्या बर्लिनशी बोलून काही उपयोग नव्हता.

कायद्याचं तर अजून भारी आहे. फ्लामिनियो कोस्ता नावाचे इटालियन वकील होते, इटलीने 1962 ला वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि यांचे शेअर्स होते त्यातल्या एका कंपनीत, मग काय, रागाने वीजबिलच भरलं नाही. बिल किती, तर दोन हजार लिरासुद्धा नाही, म्हणजे चिल्लरच. प्रकरण चढत चढत लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टात गेलं आणि 1964 ला कोर्टाने त्या बिलाच्या निमित्ताने सांगून टाकलं की देशाचा कायदा आणि युरोपचा कायदा यांची टक्कर झाली तर युरोपचा वरचढ. देशांनी आपसात केलेल्या मूळ तहात असं कुठेही लिहिलेलं नव्हतं! आज सगळं युनियन या निकालावर चालतं, अधूनमधून कुठल्यातरी देशाचं कोर्ट कुरकुर करतं एवढंच.

आता दुसरी बाजू. खिशात काय आहे? युनियनचं वर्षाचं बजेट सगळ्या सदस्यांच्या मिळून उत्पन्नाच्या साधारण 1 टक्का. आपलं केंद्र सरकार देशाच्या जीडीपीच्या 14-15 टक्क्यांच्या आसपास खर्च करतं, अमेरिकेचं 20 च्या वर. आणि तो 1 टक्काही मुख्यतः सदस्य देशांच्या वर्गणीतून येतो, कस्टम ड्युटीचा वाटा वगैरे सोडला तर ब्रसेल्सला लोकांवर थेट कर लावता येत नाही. सैन्य नाही. परराष्ट्र धोरणात एकाने मान हलवली नाही की ठराव पडला. फेडरेशन झालं तर नेमकं हेच बदलेल, म्हणजे वरच्या सरकारला स्वतःचा कर, स्वतःचं कर्ज आणि बहुमताने निर्णय. झेंडा आणि गाणं तर आजही आहेच त्यांच्याकडे.

मुळात ही एकत्र व्हायची कल्पना कुणाची? (वाचक, अकोला)

बरेच जण सांगता येतील पण माझे आवडते अल्तिएरो स्पिनेली. मुसोलिनीने त्यांना व्हेंटोटेने नावाच्या बेटावर डांबलं होतं, तिथे 1941 ला एर्नेस्तो रॉस्सींबरोबर जाहीरनामा लिहिला, सिगारेटच्या कागदांवर लिहिला असं सांगतात, आणि तो लपवून बाहेर नेला गेला. त्या वेळी हिटलर मॉस्कोच्या दिशेने निघालेला आणि हे दोघं लिहितायत की युद्धानंतर युरोपचं संघराज्य करायचं! पुढे 9 मे 1950 ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमान यांनी कोळसा आणि पोलाद एकत्र आणायची योजना मांडली त्यातही 'युरोपियन संघराज्याकडे पहिलं पाऊल' असं स्पष्ट म्हटलं होतं. म्हणजे मागून कुणीतरी गुपचूप घुसवलेली गोष्ट नाही ही, पहिल्या दिवसापासून टेबलावर आहे. अडचण एवढीच की पाऊल पडलं आणि पुढचं पाऊल कुणी टाकायचं यावर पंच्याहत्तर वर्षं चर्चा चालू आहे.

एक छोटासा देश बाकी सगळ्यांना अडवू शकतो हे खरंय का? मग हे चालतं कसं? (वाचक, नाशिक)

खरंय, आणि चालतं ते कसंबसं चालतं. डिसेंबर 2023 चा ब्रसेल्सचा सीन बघा. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची होती आणि हंगेरीचे पंतप्रधान ऑर्बान नाही म्हणून बसलेले. तासन्तास घासाघीस. शेवटी जर्मनीचे चान्सलर शोल्झ यांनी सुचवलं की तुम्ही जरा बाहेर कॉफी घेऊन या. ऑर्बान उठून गेले आणि मागे 26 जणांनी 'एकमताने' निर्णय घेऊन टाकला! 45 कोटी लोकांचं युनियन, आणि एका कॉफीवर इतका मोठा निर्णय. बरं, त्याच बैठकीत युक्रेनला द्यायचे 50 अब्ज युरो मात्र ऑर्बान यांनी अडवलेच, ते 1 फेब्रुवारी 2024 ला सुटले.

आणि देशच कशाला, 2016 ला बेल्जियमच्या वालोनिया या प्रांताने कॅनडाबरोबरचा व्यापार करार अडवला होता. प्रांत केवढा, तर लोकसंख्या 36 लाखांच्या आसपास, म्हणजे आपला एखादा मध्यम जिल्हा. बेल्जियमच्या सहीला प्रांतांची परवानगी लागते, बेल्जियमची सही युनियनला लागते, झालं. एका फ्लॅटवाल्याने एनओसी दिली नाही म्हणून अख्ख्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट अडकतं तसंच.

सगळ्याच गोष्टींना एकमत लागतं असं नाही हां. बऱ्याच कायद्यांना 27 पैकी 15 देश आणि त्यांच्यात मिळून 65 टक्के लोकसंख्या असली की पुरतं. पण कर, परराष्ट्र धोरण, मोठं बजेट, नवीन सदस्य, इथे व्हेटो, म्हणजे एकाचा नकारही पुरतो. आणि व्हेटो काढायलाही सगळ्यांचं एकमत लागतं, घ्या आता!

पण लहान देशांची बाजूही समजून घ्या. माल्टाची लोकसंख्या सहा लाखांच्या आत. आयर्लंडने 12.5 टक्के कॉर्पोरेट टॅक्स ठेवून जगभरच्या कंपन्या गोळा केल्या, फ्रान्स-जर्मनीला ते कायम खुपायचं, बहुमताचा नियम असता तर हे मॉडेल केव्हाच मोडीत निघालं असतं. म्हणून डब्लिनमध्ये सरकार कुणाचंही असो, कराचा व्हेटो सोडायचा नाही यावर सगळे एक. (तिथले माजी पंतप्रधान लिओ वराडकर, वडिलांकडून मालवण तालुक्यातल्या वराडचे, तेसुद्धा.)

दादा, मी कोल्हापूरचा, सध्या म्युनिकजवळ नोकरीला आहे. इथे लंचला विषय निघाला की जर्मन कलीग म्हणतात फेडरेशन म्हणजे आमच्या पैशावर ग्रीस-इटलीने मजा मारायची. मला वाटतं आपल्याकडेही महाराष्ट्र भरतो आणि यूपी-बिहार घेतात तसंच ना हे?

अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. हो, तसंच आहे, आणि तुझ्या कलीगला हे उदाहरण सांग. केंद्राच्या वाटपयोग्य करांपैकी 41 टक्के राज्यांना द्यायचे असं 15 व्या वित्त आयोगाने ठरवलं, त्या रकमेत उत्तर प्रदेशचा वाटा जवळपास 18 टक्के आणि महाराष्ट्राचा 6.3 ठेवला होता. आपण चिडतो, विधानसभेत भाषणं होतात, पेपरात अग्रलेख येतात. पण बिहारमधल्या निराधार आजीची केंद्राची पेन्शन बंद करा असं कुणी म्हणत नाही, कारण तो व्यवहार राज्याराज्यांत होतच नाही, केंद्र आणि माणूस यांच्यात होतो.

युरोपात तो राज्याराज्यांत होतो. युरो 1999 ला आला, नोटा-नाणी 2002 ला, पण तिजोरी आली नाही, उलट कुणाचं कर्ज कुणी उचलायचं नाही असं तहातच लिहिलंय. चांगल्या दिवसांत सगळं छान. मग ग्रीस कर्जात बुडायला लागला. 2015 च्या उन्हाळ्यात तिथल्या बँका तीन आठवडे बंद, एटीएममधून दिवसाला 60 युरो, म्हातारी माणसं पेन्शनसाठी बँकेच्या दारात रांगेत. 5 जुलैला सार्वमत झालं, 61 टक्के लोकांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटी धुडकावल्या आणि आठवडाभरात त्यांच्याच सरकारने जवळपास तशाच, काही बाबतीत अजून कडक अटी मान्य केल्या. करणार काय, नोट छापायचं मशीन त्यांच्या हातात नाही आणि वर मदत करणारं केंद्रही नाही.

बँकेचंच घे ना. आपल्याकडे एखादी सहकारी बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीचा विमा देशपातळीवरून मिळतो, बँक सांगलीची की सुरतेची याने फरक पडत नाही. युरोपात एक लाख युरोपर्यंत हमी आहे पण ती ज्याच्या त्याच्या देशाच्या फंडातून, म्हणजे देशच अडचणीत असला तर हमीही अडचणीत. सगळ्यांचा मिळून एक विमा करू असा प्रस्ताव 2015 ला आला, तो तसाच पडून आहे, आणि अडवणाऱ्यांत तुझ्या कलीगचाच देश पुढे होता.

पण एक गोष्ट त्याला जरूर ऐकव. जर्मनी जे विकतो, गाड्या, मशिनरी, त्यातला निम्म्याहून जास्त माल युनियनमध्येच खपतो, आणि युरोच्या जागी त्यांचं जुनं चलन मार्क असतं तर तो इतका महाग झाला असता की हा माल विकताना नाकी नऊ आले असते. फायदा त्यानेही खाल्लाय, फक्त तो पावतीवर दिसत नाही.

कोविडमध्ये मात्र एक दरवाजा उघडला. जुलै 2020 मध्ये 27 देशांनी मिळून 750 अब्ज युरोचं कर्ज एकत्र काढायचं ठरवलं, इतकी मोठी रक्कम पहिल्यांदाच. फक्त एकदाच, अपवाद म्हणून, असं दहा वेळा बजावून. कर्ज फेडायचंय 2058 पर्यंत, आणि कुठल्या करातून फेडायचं ते घेताना ठरवलंच नाही. आधी कर्ज आणि मग कमाईचा विचार, यांना आपली शेतकी पतपेढीसुद्धा उभं करणार नाही.

आपल्या देशात एवढ्या भाषा, धर्म, जाती, तरी आपण एक झालो. युरोपला इतके कसले नखरे? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

सर, आपलं म्हणणं पटतं पण आपली गाडी उलट्या दिशेने आली हे लक्षात घ्यायला हवं. 1947 ला संस्थानं 500 च्या वर असली तरी रेल्वे, रुपया, सैन्य, पोस्ट, वरची नोकरशाही आधीच बहुतांशी एका सरकारकडे होती. आधी केंद्र, मग राज्यं. भाषावार राज्यं तर नंतर झाली, आपलं महाराष्ट्र 1 मे 1960 ला आणि तेही भांडून. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत हे स्पष्टच सांगितलं होतं, की हे संघराज्य राज्यांच्या आपसातल्या कराराने बनलेलं नाही आणि म्हणून कुठल्या राज्याला बाहेर पडायचा हक्कही नाही.

युरोपात नेमकं उलट. तिथे सगळं कराराने चाललंय आणि तहाच्या कलम 50 प्रमाणे बाहेर पडायचं दारही आहे, ब्रिटन 31 जानेवारी 2020 ला त्याच दारातून गेलं. फ्रान्सची पेन्शन, पोलंडचं सैन्य, डेन्मार्कचे दवाखाने, हे आधीपासून आहेत आणि लोकांना आपापल्या देशाचेच आवडतात (शिव्याही त्यालाच घालतात). भाषेचं मला फार वाटत नाही, 24 अधिकृत भाषा आहेत, दुभाषे बसवून काम चालतं. खरी अडचण राग कुणावर काढायचा याची आहे. 720 खासदारांची युरोपियन संसद आहे, जून 2024 ला निवडणूक झाली, निम्मे मतदार गेलेही, पण मत देतात ते आपल्या देशातल्या सरकारला धडा शिकवायला. ब्रसेल्समधलं सरकार मत देऊन पाडता येतं असं लोकांना वाटतच नाही.

आणि लोकांना विचारलं तेव्हा काय झालं तेही बघा. 1954 ला युरोपचं एकत्र सैन्य करायचं होतं, फ्रान्सच्याच संसदेने ते पाडलं, कल्पना मूळ फ्रान्सची असून! 2005 ला युरोपची 'घटना' सार्वमताला टाकली, फ्रान्समध्ये 55 टक्के नाही, तीन दिवसांनी नेदरलँड्समध्ये 61 टक्के नाही. मग 2007 ला त्यातलाच बराचसा मजकूर लिस्बन तह म्हणून आणला आणि सार्वमत टाळलं, एका आयर्लंडला घ्यावंच लागलं, त्यांनी 2008 ला नाही म्हटलं, तर थोड्या हमी देऊन 2009 ला परत विचारलं आणि हो मिळवलं. कायद्याने चूक काही नाही त्यात. पण लोकांच्या मनात बसायचं ते बसलं, की हे लोक हो मिळेपर्यंत विचारत राहतात. ब्रेक्झिटवाल्यांनी यावर किती मतं काढली असतील कोण जाणे.

शेजारी देशांनी फेडरेशन केलं आणि फसलं असं कुठे झालंय का? भारत-पाक-बांगलादेशचं होऊ शकतं का? (वाचक, ठाणे)

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, नाही. सार्कची शिखर परिषदच 2014 च्या काठमांडूनंतर झालेली नाही, फेडरेशन कुठलं घेऊन बसलात.

पहिल्याचं उत्तर क्रिकेटवाल्यांना रोजच्या ओळखीचं आहे, वेस्ट इंडिज! आपण ज्याला देश समजून खेळतो तो देशच नाहीये हे लहानपणी कुणी सांगत नाही. पण चार वर्षं तो खरंच देश व्हायला निघाला होता. जानेवारी 1958 ला जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस धरून दहा बेटांचं फेडरेशन झालं, राजधानी त्रिनिदादला. आणि पहिल्या दिवसापासून जे आज युरोपचं दुखणं आहे तेच. पहिली पाच वर्षं केंद्राला इन्कम टॅक्स लावायची परवानगी नाही, बेटं देतील त्या वर्गणीवर चालवायचं. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नोकरीला मोकळेपणाने जाता येईना, कारण गरीब बेटांची माणसं आपल्याकडे लोटतील अशी त्रिनिदादला धास्ती. जमैकाची लोकसंख्या एकट्याची निम्मी, त्यांना वाटायचं आपण बाकीच्यांना पोसणार. सगळ्यात मोठी गोम म्हणजे जमैकाचे नॉर्मन मॅनली आणि त्रिनिदादचे एरिक विल्यम्स, दोघं दिग्गज, केंद्रात गेलेच नाहीत, आपापल्या बेटावर राज्य करत बसले. जिथे मोठे नेते जायला तयार नाहीत त्या सरकारला कोण विचारणार?

सप्टेंबर 1961 ला जमैकात सार्वमत झालं, बाहेर पडायचं ठरलं. त्यावर विल्यम्स यांचं वाक्य प्रसिद्ध आहे, दहातून एक गेला की उरतं शून्य. त्रिनिदादही निघालं आणि मे 1962 अखेर खेळ खल्लास. क्रिकेट टीम तेवढी राहिली. आता युरोपकडे बघा, कुठल्याही देशातला खरा वजनदार नेता ब्रसेल्सला केव्हा जातो, तर घरचं करिअर उताराला लागल्यावर, हा माझा जरा खवचट अंदाज समजा.

युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आंतोनियो कॉश्ता आमच्या मडगावचे. मग ते सगळ्यांना आदेश देऊ शकत नाहीत का? (वाचक, गोवा)

घराणं मडगावचं, अगदी खरं, घरात त्यांना बाबुश म्हणतात आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डही त्यांना 2017 ला मिळालंय. पण आदेश? डिसेंबर 2024 पासून ते ज्या खुर्चीत आहेत त्या खुर्चीला मतच नाही! काम काय, तर 27 पंतप्रधान-राष्ट्राध्यक्षांना एका टेबलावर बसवून रात्री दोनपर्यंत सगळ्यांच्या गळी उतरेल असा मसुदा काढायचा.

तुमचं स्वतःचं मत काय? हो की नाही, एका शब्दात सांगा. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

एका शब्दात हो, पण सगळ्या 27 चं नको. ज्यांनी युरो घेतलाय (जानेवारी 2026 ला बल्गेरिया आल्यावर ते 21 झाले) त्यांच्यापैकी ज्यांना हवंय त्यांनी करावं, कारण एक नोट आणि अनेक तिजोऱ्या ही आजची अवस्था देश असण्यापेक्षाही वाईट आणि नसण्यापेक्षाही. 2015 च्या ग्रीसने ते दाखवलं. सगळ्या देशांत एकाच दिवशी सार्वमत घ्या, जो नाही म्हणेल तो आजच्या युनियनमध्ये सुखाने राहील, परत परत विचारायचं नाही. आणि बाहेर पडायचं दार नव्या घरालाही ठेवा, आपल्याकडे नाही तरी त्यांच्याकडे लागेल. सैन्य सगळ्यात शेवटी, ऑस्ट्रिया-आयर्लंड-माल्टा तटस्थ, फ्रान्सकडे अणुबॉम्ब, त्याचं बटण कुणाकडे या भांडणातच दहा वर्षं जातील. आधी कर. युरोपियन सेंट्रल बँकेचे माजी प्रमुख मारिओ द्राघी यांनी सप्टेंबर 2024 च्या अहवालात सांगितलंच आहे की अमेरिका-चीनच्या बरोबरीला राहायचं तर वर्षाला 750 ते 800 अब्ज युरोची जादा गुंतवणूक लागेल. तेवढे पैसे एकेकट्याने उभे राहणार नाहीत, आणि एकत्र काढायचे तर ते फेडणारा करदाता आणि त्याला जबाब देणारी संसद दोन्ही हवेत.

होईल का, हे बघायचं तर भाषणं ऐकू नका, 2028 ते 2034 च्या बजेटची भांडणं बघा. जुलै 2025 ला कमिशनने, म्हणजे युनियनचा कारभार चालवणाऱ्या मंडळाने, जवळपास 2 हजार अब्ज युरोचा प्रस्ताव ठेवला, त्यात तंबाखूवरच्या एक्साइजचा वाटा आणि वर्षाला 10 कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांवर वार्षिक आकारणी असं काय काय ब्रसेल्सच्या खात्यात टाकायचं सुचवलंय. जर्मनीने लगेच हे परवडणारं नाही म्हणून सांगितलं. आणि हे बजेट पास व्हायला काय लागतं? 27 च्या 27 जणांची मान.